एक्झॉस्ट-टर्बोवरचे सिरॅमिक कोटिंग: डब्यावरचा आकडा आणि खरे आयुष्य

डब्यावर २,००० अंश फॅरनहाइट, म्हणजे १,०९३ अंश सेल्सियस लिहिलेले असते, आणि पहिलाच पावसाळा संपता संपता मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून निघणारे गरम वायू गोळा करणाऱ्या नळ्यांवर, गंजाचे ठिपके उमटतात. नागपुरात ही तक्रार नेहमी ऐकू येते. दोष बहुतेक वेळा डब्यातल्या मालाचा नसतो. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की तेवढ्या तापमानाला कोटिंगचा थर स्वतः जळून जाणार नाही. गरम-थंड होण्याचे किती फेरे तो सोसेल, खालचा धातू किती फुगेल, धातूला ऑक्साइडचा पापुद्रा धरला तर काय होईल, यातले काहीच तो सांगत नाही. टिकाऊपणा मात्र याच गोष्टींवर ठरतो.

बॉडीच्या रंगावर चकाकीसाठी लावतात ते सिरॅमिक कोटिंग वेगळे. इथे त्याचा संबंध नाही. पावडर कोटिंगचाही नाही: ते १८० ते २०० अंशांवर भाजलेले प्लास्टिकच असते, आणि एक्झॉस्टवर ते पिवळे पडून भुकटी होते. सायलेन्सरच्या अगदी शेवटच्या नळकांड्यावर कदाचित निभेल, त्याच्या पुढे इंजिनकडे नाही.

खऱ्या उष्णतारोधक कोटिंगचे ढोबळ तीन प्रकार. पहिला पातळ थराचा: सिलिकॉन रेझिनमध्ये सिरॅमिक रंगद्रव्य, जाडी साधारण २५ मायक्रॉन, बंदुकीने किंवा स्प्रे कॅनने मारायचा. बाजारात बहुतेक काम याच प्रकारात होते. दुसरा अ‍ॅल्युमिनियमचे कण असलेला, घासून चांदीसारखा चमकवलेला. दिसायला देखणा आणि गंजाला चांगला, पण अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. त्यामुळे ७०० च्या आसपास चमक जाते आणि थर करडा, मेणचट होतो. टर्बोनंतरच्या नळीवर, म्हणजे डाउनपाइपवर, तो चालतो, पेट्रोल टर्बोच्या टर्बाइन हाउसिंगवर (गरम वायूने फिरणाऱ्या चाकाच्या आवरणावर) लावू नये. तिसरा प्लाझ्मा स्प्रेचा: आधी निकेल-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमचा शंभरेक मायक्रॉनचा बाँड थर (धातू आणि सिरॅमिक यांना धरून ठेवणारा), त्यावर यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाचा २०० ते ३०० मायक्रॉनचा थर. जेट इंजिनाच्या टर्बाइनच्या पात्यांवर याच जातीचे थर असतात. औष्णिक वीज केंद्रांच्या बॉयलर नळ्यांसाठी थर्मल स्प्रे करणारे लोक आपल्या भागात भेटतात, पण ते झीज रोखणारे धातूचे थर देतात. झिर्कोनिया मारता का, बाँड थर कशाचा देता, हे विचारल्याशिवाय त्यांच्याकडे माल टाकू नका.

थर उष्णता अडवतो का?

पातळ थराबद्दल गैरसमज खूप आहेत, म्हणून हिशेबच मांडतो. ६०० अंशांवर तापलेला काळा पृष्ठभाग जास्तीत जास्त ३३ किलोवॉट प्रति चौरस मीटर उष्णता किरणांनी बाहेर टाकतो. २५ मायक्रॉनच्या थराची उष्णतावाहकता १ वॉट प्रति मीटर-केल्विन धरली, तर एवढी उष्णता त्यातून जाताना दोन बाजूंमध्ये फरक पडतो एका अंशाहून कमी. ३०० मायक्रॉनच्या झिर्कोनियालाही या हिशेबाने दहाएक अंशच मिळतात. म्हणजे ‘थर जाड म्हणून उष्णता अडते’ हे इथे लागू नाही.

मग बॉनेटखाली फरक जाणवतो तो किरणांनी बाहेर पडणाऱ्या उष्णतेमुळे. गंजलेले, काळवंडलेले लोखंड वर धरलेल्या काळ्या पृष्ठभागाच्या ८५-९० टक्के उष्णता किरणांनी फेकते. चमकदार अ‍ॅल्युमिनियमचा थर त्यापेक्षा खूप कमी फेकतो; फिकट झिर्कोनियाही कमी फेकतो. काळे मॅट कोटिंग या बाबतीत जवळपास उघड्या गंजलेल्या पाइपाइतकेच फेकते. ते घ्यायचे गंज थांबवण्यासाठी. ‘काळे लावले आणि केबिन थंड झाली’ या दाव्यावर माझा विश्वास नाही.

इन्फ्रारेड गनने आधी-नंतरचे माप घेऊन दाखवतात तेही नीट पारखा. स्वस्त गन ०.९५ उत्सर्जकता (काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत किरण फेकण्याचे प्रमाण) गृहीत धरते. चमकदार थरावर तीच गन शेकडो अंश कमी दाखवेल, आणि प्रत्यक्षात धातू तेवढाच गरम असेल. खरे माप हवे तर के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पाइपावर स्टीलच्या क्लॅम्पने घट्ट बांधा, किंवा शेजारच्या वायरिंगजवळच्या हवेचे तापमान मोजा. आपल्याला वाचवायची असते ती वायरिंग, ब्रेकची नळी आणि रबरी होज.

उष्णता आत राहिली की धातू जास्त तापतो, ही दुसरी बाजू. डिझेलच्या टर्बाइनपाशी पूर्ण लोडवर वायू ७५० ते ८५० अंशांपर्यंत जातो, टर्बो पेट्रोलमध्ये ९५० ते १,०५०. साध्या पोलादाला ५५० च्या वर भराभर पापुद्रा धरतो. कोटिंग त्या पापुद्र्यावर बसलेले असते आणि त्याच्याबरोबरच निघून येते. म्हणून साध्या पाइपाचा मॅनिफोल्ड बनवून त्यावर कितीही महागडे कोटिंग करा, इंजिनापासूनच्या पहिल्या सहा इंचांत ते टिकणार नाही. तिथे ३०४ किंवा त्याहून वरचे स्टेनलेस लागते.

स्टेनलेसचीही अडचण आहे: ते फुगते फार. एक मीटर ३०४ नळी खोलीच्या तापमानापासून ७०० अंशांपर्यंत नेली तर सुमारे १२ मिलिमीटर लांब होते. साधे पोलाद साडेनऊ, झिर्कोनिया सातच्या आसपास. हा फरक दर फेऱ्याला थराच्या मुळाशी ताण देतो. पातळ थर बारीक भेगा पडून तो सोसतो. जाड थराला बाँड थर वाचवतो. तो नसेल तर काही आठवड्यांत नाण्याएवढे पोपडे निघतात. बिडाच्या मॅनिफोल्डचे प्रसरण झिर्कोनियाच्या जवळचे असते, म्हणून बिडावर प्लाझ्मा थर सर्वात निर्धास्त बसतो.

पृष्ठभाग

आयुष्य इथेच ठरते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

वापरलेला बिडाचा मॅनिफोल्ड किंवा टर्बाइन हाउसिंग तेल पिऊन बसलेले असते. बिड सच्छिद्र. वरून थिनरने पुसले की स्वच्छ दिसते, पण भट्टीत आतले तेल बाहेर येते आणि थराला फोड येतात. म्हणून क्रम असा: गरम डिटर्जंटने धुणे, अ‍ॅसिटोन, मग ३०० ते ३५० अंशांवर किमान एक तास कोरडे भाजणे. धूर थांबेपर्यंत भाजा. एका तासात थांबला नाही तर दुसऱ्यांदा. मगच ब्लास्टिंग. उलट्या क्रमाने केले तर ब्लास्टिंगचा दाणा तेल पृष्ठभागावर ठोकून बसवतो.

ब्लास्टिंगला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, १०० च्या आसपासचा दाणा (आकडा मोठा तितका दाणा बारीक), ८० ते १०० पीएसआय. आपल्याकडे काही ठिकाणी कन्हानची चाळलेली रेती वापरतात. ती दोन कारणांनी नको. तिच्या सिलिका धुळीने ब्लास्टिंग करणाऱ्या माणसाला सिलिकोसिस होतो. स्वस्तात काम होते म्हणून कोणाच्या फुप्फुसांशी हा खेळ करू नये. दुसरे कारण थराचे: रेतीचा दाणा जाड आणि कमीजास्त. तिने पृष्ठभागावर ७०-८० मायक्रॉनचे उंचवटे पडतात आणि त्यावर २५ मायक्रॉनचा थर. टोके उघडीच राहतात. पहिल्या पावसात मिरपुडीसारखे गंजाचे ठिपके येतात ते याच टोकांवर. प्लाझ्मा स्प्रेचे गणित उलटे आहे: त्याला जाड २४ चा दाणाच लागतो, कारण तो थर केवळ खाचांत अडकून बसतो.

स्टेनलेसवर स्टीलची ग्रिट कधीच नको. लोखंडाचे कण रुततात आणि न गंजणाऱ्या पाइपाला गंज येतो. जो दाणा आधी लोखंडावर वापरला तोही स्टेनलेसला वापरू नये. वेल्डचा स्पॅटर (उडून चिकटलेले थेंब) आणि धारदार कड आधी ग्राइंडरने गुळगुळीत करा, कारण कडेवर थर पातळ होतो आणि पोपडा तिथूनच सुटायला लागतो.

ब्लास्टिंगनंतर उघड्या हाताने स्पर्श नाही; नायट्राइल हातमोजे घाला. घामाच्या बोटांचे ठसे भाजल्यावर जसेच्या तसे दिसतात. कॉम्प्रेसरच्या लाइनला वॉटर ट्रॅप आणि ऑइल फिल्टर दोन्ही हवेत. पांढऱ्या कागदावर अर्धा मिनिट नुसती हवा मारून बघा, एक डाग दिसला तरी थांबा.

फवारणी, भट्टी आणि नागपूरची हवा

जुलै-ऑगस्टमध्ये इथे सकाळची आर्द्रता सहज ८५ टक्क्यांच्या वर असते. ब्लास्ट केलेले साधे लोखंड तासाभरात तांबूस होते. त्या दिवसांत ब्लास्टिंग आणि पहिला हात यांत तासाहून अधिक अंतर नको, आणि भाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा. हीट गनने कोमट करून घेतला तरी चालते. मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), प्रश्न वेगळाच. पारा ४५ च्या पुढे, टिनाच्या शेडमध्ये धातू पन्नाशीच्या वर. सॉल्व्हंट हवेतच उडते आणि कोरडी भुकटी भागावर पडते. हात फिरवला तर खरखरीत लागते आणि नखाने निघते. उन्हाळ्यात पहाटे सहा-सातलाच फवारा. डिसेंबर-जानेवारीत पहाट नको, दुपार घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची दुपार इथे या कामाला सर्वात चांगली.

माल लागतो फारच थोडा. चार सिलिंडरचा नळीचा मॅनिफोल्ड आणि एक मीटर डाउनपाइप मिळून पृष्ठभाग साधारण ०.४ चौरस मीटर. २५ मायक्रॉन सुका थर म्हणजे फक्त १० मिलिलिटर घन पदार्थ. ४० टक्के घन असलेला माल असेल तर ओला २५ मिलिलिटर, आणि गोल पाइपावर निम्म्याहून जास्त माल हवेत जातो हे धरून ७० ते ८०. शंभर मिलिलिटर पुष्कळ झाला. कोणी अर्धा लिटर संपवला असेल तर थर नक्की जाड बसला आहे, आणि पातळ जातीचा थर जाड बसला की तडकतोच. बंदुकीचे नोझल ०.८ ते १.० मिलिमीटर, दोन ओलसर हात, मध्ये काही मिनिटे. फवारताना डबा सतत हलवा. सिरॅमिकचा भाग तळाशी बसतो आणि शेवटी नुसते रेझिन उडते.

जाडी मोजायला चुंबकीय गेज बिडावर आणि साध्या पोलादावर चालतो. ३०४ ला चुंबक धरत नाही, तिथे तो निरुपयोगी. म्हणून फवारताना शेजारी त्याच तयारीचा साध्या पोलादाचा ५० बाय १०० मिलिमीटरचा तुकडा टांगा आणि माप त्यावर घ्या. बाहेरून काम करून घेत असाल तरी असा तुकडा मागून घ्या. तो व्हाइसमध्ये वाकवला, बाक्यावर चिकटपट्टी लावून ओढली आणि थर पट्टीबरोबर आला, तर तुमच्या मॅनिफोल्डवर काय होणार ते कळते.

भट्टीत टप्प्यांनी जायचे: १२० अंशांवर अर्धा तास, थंड, २०० वर अर्धा तास, थंड, ३१५ च्या आसपास अर्धा तास. प्रत्येक मालाचा तक्ता थोडा वेगळा असतो, तो पाळा. टप्पे कशासाठी? आधी सॉल्व्हंट सावकाश निघून जावे, मग रेझिनचा सेंद्रिय भाग जळावा आणि मागे सिलिकाचे जाळे उरावे. एकदम तापवले तर वरची साय बंद होते आणि खालचा वायू फोड काढतो. हिंगणा, बुटीबोरीकडच्या पावडर कोटिंगच्या भट्ट्या बहुधा २०० च्या आसपास चालतात. पहिले दोन टप्पे तिथे होतील, तिसरा नाही. तिसरा इंजिनवर करायचा तर नुसते आयडलवर ठेवून भागत नाही, कारण आयडलला डिझेलचा वायू २०० अंशसुद्धा गाठत नाही. दहा मिनिटे आयडल, पूर्ण थंड; मग रिंग रोडवर हलक्या पायाने वीस मिनिटे, पुन्हा थंड; मग महामार्गावर चढत्या वेगाने अर्धा तास. पहिल्या फेऱ्यांत धूर येतो, तेव्हा बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नका. आणि भट्टीत भाग टांगायला जस्त चढवलेली तार नको: भागाला लागून राहिलेले जस्त पुढे इंजिनवर ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि स्टेनलेसच्या कणांच्या सीमांत शिरून त्याला भेगा पाडू शकते. स्टेनलेसची तार घ्या.

टर्बोवर काय झाकायचे

टर्बो पूर्ण खोला. कार्ट्रिज म्हणजे बेअरिंगचा मधला भाग जोडलेला असताना ब्लास्टिंग करणे म्हणजे टर्बोचा अंतच. दाणा एकदा बेअरिंगमध्ये शिरला की धुऊन निघत नाही. व्हीजीटी टर्बोमध्ये (वायूचा मार्ग कमीजास्त करणाऱ्या) हलणाऱ्या पात्यांची रिंगही वेगळी काढलीच पाहिजे. कोटिंग फक्त टर्बाइन हाउसिंगच्या बाहेरून. फ्लँजचे तोंड, व्ही-बँडची बैठक, वेस्टगेटचे (जादा वायू बाजूने सोडणाऱ्या झडपेचे) बुश आणि व्हॉल्व्हची सीट, स्टडची भोके, सेन्सरचे बॉस हे सगळे झाका. फ्लँजच्या तोंडावर थर राहिला तर तो गॅस्केटखाली चुरा होतो, नटचा ताण उतरतो आणि महिन्याभरात वायू गळायला लागतो.

आतून कोटिंगचा मोह टाळा. टर्बोच्या आधी आतून सुटलेला पोपडा थेट फिरत्या टर्बाइनच्या पात्यांवर जातो, पुढे कॅटॅलिस्टमध्ये किंवा डीपीएफमध्ये (डिझेलची काजळी अडवणाऱ्या गाळणीत) अडकतो. सिलिकॉनवर आधारलेला माल आत नीट भाजला गेला नसेल, तर त्याच्या वाफेने लॅम्डा सेन्सर (वायूतला ऑक्सिजन मोजणारा) कायमचा खराब होतो. बीएस-६ डिझेलच्या डीपीएफच्या आवरणाला तर हात लावू नका: रिजनरेशनला, म्हणजे साठलेली काजळी जाळताना, तो ५५०-६०० अंशांवर जातो, त्याच्यावर सेन्सर असतात, आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळा.

मॅनिफोल्डवर कोटिंग आणि वरून कापडी रॅप, ही जोडी साध्या पोलादावर सर्वात वाईट. रॅप ओल धरून ठेवतो, धातू आणखी तापतो, आणि थर खालून कुजला तरी दिसत नाही. टर्बोला जास्त संरक्षण हवे असेल तर काढता येणारे ब्लँकेट बरे.

पोपडा वाचायला शिका

थर कसा गेला यावरून कारण कळते. सर्वत्र बारीक ठिपके म्हणजे जाड दाण्याचे ब्लास्टिंग किंवा थर कमी. फक्त वेल्डजवळ सुटला, तर स्पॅटर किंवा स्लॅग राहिला होता. फ्लँजच्या भोवती कडे करून गेला, तर जुन्या गॅस्केटचे तेल-ग्रीस भाजून निघाले नव्हते. बाक्याच्या बाहेरच्या बाजूला पांढरट भुकटी दिसली, तर तिथे मर्यादेबाहेर तापले आहे. आणि चारपैकी एकाच सिलिंडरची नळी पांढरी पडली, तर कोटिंगवाल्याकडे नाही, इंजिनवाल्याकडे जा: तो इंजेक्टर गळत असेल, किंवा पेट्रोलमध्ये ते सिलिंडर लीन (हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर) चालत असेल. याच कारणाने नव्याने बांधलेले किंवा ट्यून न झालेले इंजिन ताज्या कोटिंगच्या मॅनिफोल्डवर चालवू नये. इग्निशनचे टायमिंग मागे असेल तर मॅनिफोल्ड लाल होतो आणि दहा मिनिटांत थर संपतो. आधी जुन्या मॅनिफोल्डवर ट्यूनिंग, मग नवा बसवा.

वापरात दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली गाडी बंद करण्याची. समृद्धी महामार्गावर तासाला १२० ने दोन-तीन तास चालून गाडी थेट बंद केली, तर कोटिंगने आत कोंडलेली उष्णता टर्बोच्या बेअरिंगकडे जाते आणि तेल जळून कोळसा होते. शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवा, बंद करण्याआधी मिनिट-दोन मिनिटे आयडल. दुसरी गोष्ट पाणी. नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचले असताना तापलेला डाउनपाइप त्यात बुडवला तर पातळ थर बहुधा वाचतो. प्लाझ्माचा थर सच्छिद्र असल्याने पाणी पितो, त्याची वाफ होते आणि आधीच सैल झालेला भाग उडतो. बिडाच्या हाउसिंगला तडाही जाऊ शकतो. विदर्भातली काळी माती पाइपावर भाजून बसली की तिच्याखाली ओल टिकते, तेव्हा पावसाळ्यात महिन्यातून एकदा थंड गाडीखालून साध्या पाण्याने धुऊन काढा. गरम असताना प्रेशर वॉशर नको.

थर गेला तर जागच्या जागी डाग मारून भागते का? डाउनपाइपच्या मागच्या थंड भागात हो: ८० च्या सँडपेपरने कडेपर्यंत उघडे करा, अ‍ॅसिटोन, पातळ दोन हात, हीट गन. मॅनिफोल्ड आणि हाउसिंगवर नाही. तिथे जुन्या थराची सैल कड नव्या थराला घेऊनच निघते. पूर्ण ब्लास्ट करून पहिल्यापासून करावे लागते. ब्लास्टनंतर बिडावर केसाएवढी भेग दिसते का हे डाय पेनिट्रंटने (भेगेत शिरून ती रंगाने दाखवणाऱ्या द्रवाने) तपासा, विशेषतः स्टडच्या भोकांमधल्या पट्टीवर. भेग असेल तर कोटिंगचे पैसे वाचवा आणि तो भागच बदला. भेग नसेल तर पेनिट्रंटचे तेल छिद्रांत राहिलेले असते, म्हणून पुन्हा अ‍ॅसिटोन, पुन्हा ३०० अंशांची भाजणी आणि वरून हलका ब्लास्ट, मगच फवारा.